तबकडीची गती ठरवताना आपण माझ्या आईला विचारलेत, त्याबद्दल

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही येऊ नये अशी आपली अट आहे आणि ती मी पाळते आहे. तरीही हे पत्र आपल्याला खासगीत न पाठवता सर्वांसमोर लिहिते आहे, कारण माळ्यावरच्या ट्रंकेत ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या आहेत पण त्या कोणाला दाखवाव्यात हे ज्यांना कळत नाही, अशी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि जुन्या रेकॉर्डची सूची राखणारी आपल्यासारखी माणसे आहेत हे त्या घरांना कळायला हवे. ज्यांनी आम्हाला आधी दारातूनच परत पाठवले, त्यांच्याही वाचनात हे आले तर मला आवडेल.

तबकडी माझ्या आईच्या मावशीची. घरात आम्ही मुले तिला मावशीआजी म्हणत असू. सांगली-मिरजेकडे तिने लहानमोठ्या बैठकी केल्या, पुढे संसारात गाणे मागे पडले, आणि तिच्या आवाजाची उरलेली एकमेव खूण म्हणजे १९३०च्या दशकात मुंबईच्या एका अल्पजीवी कंपनीने काढलेली ही दहा इंची रेकॉर्ड. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे. लेबलाचा अर्ध्याहून अधिक भाग कसरीने खाल्लेला आहे आणि नेमका गायिकेचे नाव व विक्रीचा क्रमांक छापलेला भागच गेला आहे. काठापासून आत एक केसासारखी चीरही आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांची नावे मी लिहिणार नाही. त्यांनी काय केले ते मात्र लिहिणार आहे. एका दुकानदाराने तबकडी हातातही न घेता ‘नाव नाही तर भाव नाही’ असे सांगितले आणि वर आईला पितळी कर्ण्याचा, कुत्र्याचे चित्र डकवलेला एक चकचकीत ग्रामोफोन दाखवून ‘यावर वाजवा’ असा सल्ला दिला. असली नवी जुळवलेली यंत्रे जुनी म्हणून सर्रास विकली जातात, आणि त्यांच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, शंभर ग्रॅमहून अधिक भार पोलादी सुईवाटे चीर गेलेल्या तबकडीवर पडला तर काय होईल, हे त्या गृहस्थांना माहीत नव्हते असे मला वाटत नाही. एका संग्राहकाने फोटो मागवले, किंमत विचारली आणि तबकडी विकायची नाही असे कळताच उत्तर देणे बंद केले. सर्वांत मोठे नुकसान मात्र ज्या स्टुडिओकडे आम्ही विश्वासाने गेलो तेथे झाले. तेथील तंत्रज्ञाने तबकडी स्वच्छ करण्यासाठी एका बाजूवर स्पिरिटचा बोळा फिरवला. मिनिटाला ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड ही लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारा सुतार चपडी लाख स्पिरिटमध्येच घोळवतो, म्हणजे यात गुपित असे काहीच नाही. त्या बाजूची चकाकी गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरलेली बाजू त्यांनी एलपीच्या, म्हणजे नंतरच्या काळातल्या बारीक रेघांच्या रेकॉर्डच्या, सुईने वाजवली. जुन्या रेकॉर्डची रेघ रुंद असते, तिला इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही बारीक असल्यामुळे ती रेघेच्या तळातल्या धुळीतून फरफटत जाते. आम्हाला खरखर असलेली एक फाईल मिळाली आणि ‘मूळ रेकॉर्डच खराब आहे’ असा शेरा. मावशीआजीचे गाणे त्या खरखरीखाली आहे की नाही, हे आईला त्या दिवशी कळले नाही आणि तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

आपली सूची मला सापडली ती तबकडीच्या आतल्या कड्यात, लेबलाच्या भोवती उमटलेल्या आकड्यामुळे. कागद कसर खाते, पण मुद्रणाच्या वेळचा तो मॅट्रिक्स क्रमांक लाखेतच असतो. आपण वर्षानुवर्षे जमवून इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवलेल्या सूचीत त्या कंपनीचे क्रमांक ओळीने मांडलेले होते. आमच्या क्रमांकाच्या आधीची तबकडी होती, नंतरचीही होती, आणि मध्ये एक रिकामी ओळ होती. एवढ्या आधारावर मी आपल्याला लिहिले. ज्या माणसाच्या सूचीतली जागा इतकी वर्षे रिकामी आहे तो पहिल्यांदा तबकडी मागेल, अशीच माझी समजूत झाली होती, कारण तोवरचा अनुभव तसा होता. आपण तबकडी मागितली नाहीत. ती आडवी रचून ठेवू नका, उभी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा आणि कोणी काहीही सांगितले तरी आता तिला कोणताही द्रव लावू नका, एवढेच आपण प्रथम लिहिलेत. मावशीआजी आमची कोण आणि तिला ऐकलेले कोणी घरात आहे का, हा आपला पुढचा प्रश्न होता.

पुढचा तांत्रिक भाग मी सांगत बसत नाही, कारण त्यातले बरेचसे मला समजलेले नाही. शाबूत बाजूचे ध्वनिमुद्रण आपण योग्य सुईने आमच्यादेखत केलेत, चिरेचा प्रत्येक फेरीला येणारा टक असा आवाज हाताने वेचून काढलात आणि मूळ खरखरीसकटची प्रतही जपून ठेवलीत, ‘उद्या माझ्यापेक्षा चांगले काम करणारा कोणी येईल, त्याला मूळ मिळाले पाहिजे’ असे म्हणून. हेही पुष्कळ होते. परंतु मी ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ती गोष्ट त्यानंतरची आहे.

काही दिवसांनी आपण आईच्या फोनवर एकाच गाण्याच्या तीन प्रती पाठवल्यात. त्यांवर काहीही लिहिले नव्हते. सोबत आईला उद्देशून दोन ओळी होत्या : ‘आपण त्यांना प्रत्यक्ष ऐकले आहे, मी ऐकलेले नाही. यांतला त्यांचा आवाज कोणता, ते आपण सांगावे.’

माझ्या आईने ऐंशी ओलांडली आहे. अलीकडे तिला कोणी मत विचारत नाही. डॉक्टर माझ्याशी बोलतात, बँकेतला माणूस माझ्याशी बोलतो. आपण, ज्यांचे उभे आयुष्य या तबकड्यांत गेले, त्यांनी तिला जाणकार मानून विचारले. ती दुपारभर त्या तीन प्रती ऐकत बसली होती. पहिली ऐकून तिने मान हलवली, ‘ही कोणी मुलगी गाते आहे, मुरक्या चिमटल्यासारख्या येताहेत’ असे म्हणाली. तिसऱ्या प्रतीला तिने काहीच म्हटले नाही, पदराने डोळे पुसले आणि ‘लिही त्यांना, ही मावशी’ असे मला सांगितले. मग उठून पेटी काढायला लावली, कारण मावशीआजी काळी चार पट्टीत गायची हे तिला पक्के आठवत होते आणि ते सिद्ध केल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हते.

‘७८ फेऱ्या’ हे नाव रूढ असले तरी जुन्या काळी सगळ्या तबकड्या त्याच गतीने मुद्रित झालेल्या नसत, हे आपण मला नंतर समजावून सांगितलेत; त्या तीन प्रती म्हणजे तेच मुद्रण तीन वेगळ्या गतींनी वाजवलेले होते. सुरुवातीच्या दशकांत ही गती सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कोठेही असे, आणि पुढेही छोट्या कंपन्यांची यंत्रे काटेकोर असतीलच याची खात्री नसे. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजवली की सूर जवळजवळ लगतच्या पट्टीवर चढतो, काळी चारची गायिका पांढरी सहाच्या आसपास ऐकू येते, आणि आवाजाची जात, तानेचा वेग, शब्द टाकण्याची ढब, सगळेच बदलते. बालगंधर्वांच्या काळच्या कित्येक गायक-गायिकांना आपण आज ज्या आवाजात ओळखतो तो त्यांचा खरा आवाज असेलच असे नाही, या विचाराने मी त्या दिवशी खरोखर हादरले.

आईने पट्टी सांगितल्यावरही आपण ती डोळे मिटून स्वीकारली नाहीत, याचाही मला आदर वाटतो. आपण आमच्या पेटीचा षड्ज फोनवर मुद्रित करून मागवलात, कारण जुन्या पेट्यांचे सूर आजच्या मापाशी जुळतातच असे नाही. वय वाढले की गळा खाली उतरतो आणि आईने मावशीआजीला ऐकले ते मुद्रणानंतर काही वर्षांनी, हेही आपण आईला नम्रपणे सांगितलेत. आई म्हणाली, ‘त्यांचे बरोबर आहे, पण माझेही बरोबर आहे.’ आणि आपण सूचीत लिहिलेत : ‘गती अंदाजे ७४; गायिकेच्या भाचीच्या श्रवणावरून.’ त्या रिकाम्या ओळीत आता मावशीआजीचे पूर्ण नाव आहे, आईने सांगितले तसेच, ऱ्हस्व-दीर्घासह. भाचीच्या श्रवणाचा तो शेरा आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवते.

तबकडी संपताना मावशी आपले नाव का सांगत नाही, असे आईने आपल्याला विचारले होते, कारण जुन्या काळची प्रसिद्ध गायिका गौहरजान शेवटी इंग्रजीतून आपले नाव सांगते हे तिने ऐकलेले होते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात ती मुद्रणे केली, तेव्हा मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तेथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून गाणारे शेवटी नाव उच्चारत. १९०८मध्ये कलकत्त्याच्या सियालदा भागात कारखाना निघाला, पुढे लेबले नीट छापली जाऊ लागली आणि ती गरज संपली, हे आपण तिला किती सावकाश, एकेक वाक्य थांबून सांगितलेत. ज्या लेबलावर भरवसा ठेवून मावशीआजी गप्प राहिली तेच कसरीने खाल्ले, असे आई त्यावर म्हणाली, आणि आपण बराच वेळ काही बोलला नाहीत.

या निमित्ताने मी आपण सांगितलेले बरेच काही इंटरनेटवर वाचत गेले आणि हे काम करणारे आपण एकटे नाही हे मला दिसले. १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या मुखपत्राचे अंक शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात कोणालाही वाचता येतात. मायकेल किनियर हे ऑस्ट्रेलियातले गृहस्थ, पण आपल्या देशातल्या आरंभीच्या रेकॉर्डचे क्रमांक, तारखा, कलावंत यांच्या याद्या त्यांनी तयार केल्या. वडाळ्याला ज्यांचा कारखाना होता त्या ‘यंग इंडिया’च्या रेकॉर्डचे ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने डिजिटल जतन झाले. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथील विद्यापीठाने तर तबकड्यांच्याही आधीची, एडिसनच्या फोनोग्राफची दंडगोल मुद्रणे हजारोंनी ऐकण्यासाठी खुली केली आहेत. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ते योग्यच झाले. पण ज्या गायिकेची एकच तबकडी निघाली आणि जिचे नाव तिच्या तालुक्याबाहेर गेले नाही, तिच्यासाठी कोणी तरी भिंग घेऊन आकडे उतरवत बसावे लागते, आणि तसे बसणारी माणसे त्याचे पैसे घेत नाहीत, श्रेयही घेत नाहीत. ज्ञान आहे म्हणून समोरच्याला लहान न करणारा माणूस मला इतक्या उशिरा भेटावा याची खंत वाटते, पण तो आईच्या हयातीत भेटला, याचे मोल मला सांगता येत नाही.

मानधनाविषयी मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा आपण विषय बदललात, म्हणून आता विचारत नाही. आईचा मात्र एक निरोप आहे. मावशीआजीची पदांची आणि चिजांची एक वही तिच्याकडे आहे, शाईने लिहिलेली, मधली काही पाने सुटलेली. तबकडीच्या खराब झालेल्या बाजूवर जी चीज होती तिचे शब्द त्या वहीत आहेत आणि चाल आईला अजून येते. मी वहीच्या पानांचे फोटो काढायला घेतले आहेत, आणि सर्दी ओसरली की आई ती चीज म्हणून दाखवणार आहे. मुद्रण फोनवर केलेले चालेल, की त्यासाठी आम्ही आपल्याकडे यावे, तेवढे कळवावे.

आपली ऋणी,
त्या रिकाम्या ओळीतल्या गायिकेची नात