रविवारच्या चर्चेआधी: 'फ्रँकेन्स्टाइन' नव्या रूपात

सदस्यहो, नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता बैठक आहे. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीचं कुमारवयीन वाचकांसाठीचं रूपांतर सगळ्यांनी वाचून यावं. मूळ कादंबरी पूर्ण वाचायची सक्ती नाही, पण १८३१च्या आवृत्तीतलं तिसरं आणि पाचवं प्रकरण तेवढं नजरेखालून घाला. तिसऱ्यात नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आई, घरात वाढवलेल्या एलिझाबेथची शुश्रूषा करताना, स्कार्लेट फीव्हर या संसर्गजन्य तापाने जाते आणि काही आठवड्यांतच मुलगा शिकायला जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या विद्यापीठात रवाना होतो. रडायला उसंतच नाही. पाचव्यात व्हिक्टरने घडवलेला प्राणी जिवंत होतो, त्या रात्री स्वप्नात व्हिक्टरला आईचं प्रेत दिसतं. माझ्या मते कादंबरीचं मर्म इथे आहे. प्राण्यात जीव ओतणाऱ्या विजा-बिजा सिनेमावाल्यांना लखलाभ.

लेखिकेबद्दल थोडं. मेरी शेलीची आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारली. १८१५मध्ये तिचं पहिलं बाळ गेलं. तेव्हा तिने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलंय: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जगलं. कादंबरी आली १८१८मध्ये, लेखिकेचं नाव न छापता.

तेव्हा प्रश्न एकच ठेवू: व्हिक्टरच्या आईच्या मृत्यूला रूपांतरात किती पानं मिळाली, आणि ती पुरली का? 'मुलांना झेपणार नाही' म्हणून दुःख उरकून टाकलेलं मला तरी खटकतं. तुमचं मत वेगळं असेल तर भांडायला जरूर या.

ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल, त्यांनी नुसतं ऐकायला आलं तरी चालेल. प्रत मिळाली नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.