गायरानावरच्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

भाद्रपदातल्या त्या रात्री घरातून निघून गेलेल्या माझ्या वडिलांचा माग काढून तुम्ही त्यांना सुखरूप परत आणलेत, त्याबद्दल हे आभार. विस्मरणाच्या आजारामुळे वडिलांना आता स्वतःचे घरही परके वाटते, आणि कळंब तालुक्यात शिवारभर सोयाबीन उभे असताना अंधारात माणूस शोधणे किती अवघड, हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

पहाटे आम्ही बॅटऱ्या घेऊन वस्तीवर आलो तेव्हा बायकांनी आधी लेकरे पालात ओढून घेतली. त्यात नवल नव्हते. पारध्यांच्या वस्तीवर गावकरी अवेळी येतात ते बहुधा चोरीचा आळ घेऊनच. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पारावरच्या गप्पांतून मात्र अजून गेलेला नाही. हे सारे सोसूनही आमच्याकडे तुम्ही आळ घेणारे गावकरी म्हणून पाहिले नाही. “म्हातारा कोणत्या पायानं लंगडतो?” एवढेच विचारलेत. रात्रभर धावपळ करणाऱ्या आम्हा कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता.

पांदीच्या चिखलात उजवा पाय ओढल्याची खूण सापडली. ती संपली तिथे तुम्ही वाकून पिकाकडे पाहिलेत: सगळीकडे पानांवर दव होते, पिकाच्या एकाच ओळीतले तेवढे झडलेले. ओढ्याकाठी वडील भेटले, पण ते मला ओळखेनात आणि जागचे उठेनात. तुम्ही शेजारी उकिडवे बसून तितराचा आवाज काढलात. वडील हसले, “बोरीत बसलंय,” म्हणाले, आणि मग पाखरांच्या गोष्टी करत तुम्ही दोघे पुढे अन् आम्ही मागे, असे घरी आलो. डॉक्टरांच्या गोळ्यांनीही ते इतके बोलते झाले नव्हते. अजूनही ते तुमची चौकशी करतात. जमेल तेव्हा येत जा.

पैसे तुम्ही नाकारलेत. नातीच्या जमातीच्या दाखल्याचे मात्र माझ्यावर सोपवा. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना कुठल्याच गावाने टिकू दिले नाही त्यांनी तो कुठून आणावा, हे कचेरीत कुणी सांगत नाही. सोमवारी मी तहसीलला सोबत येतो. घरातल्या कुणा जुन्या माणसाचा शाळेचा उतारा असल्यास घेऊन या, आणि चौकशीत गावातल्या कुणाचा जबाब लागलाच, तर तो मी देईन.

आपला कृतज्ञ,
गावातला एक शेतकरी