गांजाच्या कायद्याविषयी मैत्रेयीस

पुणे

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

दिल्लीतल्या वादसभेत ‘गांजा कायदेशीर व्हावा’ या बाजूने तू बोलणार आहेस आणि इतकी वर्षे शिवाजीनगर न्यायालयात फौजदारी वकिली करणाऱ्या आईने मुद्दे पुरवावेत, अशी तुझी अपेक्षा आहे. मुद्दे देते, मात्र त्या बाजूशी मी निम्मीच सहमत आहे, आणि ती सहमती कुठवर जाते हे तुला आधी कळलेले बरे.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायदा येण्यापूर्वी आपल्याकडे गांजाची परवानाधारक दुकाने होती. इंग्रजांनी नेमलेल्या आयोगाने १८९३-९४ मध्ये देशभर साक्षी घेऊन सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि नियंत्रण पुरे, असा निष्कर्ष काढला होता. १९८५ च्या कायद्याने मात्र त्याच झाडाचे दोन भाग केले. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर, म्हणून भांग राज्यांच्या कायद्यांवर राहिली.

ही व्याख्या पुस्तकी वाटते, पण माझ्या एका अशिलाचे तारुण्य तिच्यावर अडकले होते. टेम्पोवर क्लीनर म्हणून काम करणारा तो १९ वर्षांचा मुलगा. पोत्यांत काय आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. पंचनाम्यात रोपांचे वजन मुळे, देठ आणि पानांसकट २२ किलो लिहिले गेले. २० किलोच्या वर गेले की व्यापारी मात्रा ठरते, शिक्षा किमान १० वर्षे होते, आणि कलम ३७ मुळे आरोपी सकृद्दर्शनी निर्दोष असल्याची न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज जामीन मिळत नाही. नुसते शेंडे वेगळे काढून तोलले असते तर वजन किती भरले असते, हा माझा एकच प्रश्न होता; तो ऐकला जाऊन जामीन होईपर्यंत मुलाचे १४ महिने कोठडीत गेले. त्याची आई प्रत्येक तारखेला दालनाबाहेरच्या बाकावर बसलेली असे. माल पाठवणारा कोण, हे दोषारोपपत्रात नव्हतेच.

म्हणून ओढणाऱ्याला आणि किरकोळ बाळगणाऱ्याला तुरुंग नको, हे तू निःशंकपणे मांड. कलम ६४अ नुसार अल्प मात्रेच्या प्रकरणातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पण या कलमाचा आधार घेतलेला मी फारच क्वचित पाहिला आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तरीही न्यायालयातून थेट तिथे जाणारी वाट अजून रुळलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पोर्तुगालने २००१ मध्ये अमली पदार्थांचा वापर गुन्हा न ठेवता उपचारांची यंत्रणा उभी केली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदानाने हेरॉइनसारखे अमली पदार्थ थोडेसे बाळगण्यावरच्या शिक्षा काढल्या, उपचारांची व्यवस्था मागे राहिली, आणि २०२४ मध्ये ते बाळगणे पुन्हा गुन्हा झाले. प्रतिपक्ष ओरेगॉन काढणारच, तेव्हा हा फरक तयार ठेव.

बाजार खुला करण्याला मात्र माझा विरोध आहे. विक्रेत्याचा खरा नफा रोज आणि भरपूर ओढणाऱ्या गिऱ्हाइकावर असतो, आणि ज्या वयात मेंदूची वाढ चालू असते त्याच वयाची मुले या शहरात वसतिगृहांतून राहतात. तीव्र गांजाच्या नित्य सेवनाने मनोविकाराचा धोका वाढतो, असे अनेक वैद्यकीय अभ्यासांत दिसून आले आहे. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅम बाळगण्याची आणि घरी ३ रोपे लावण्याची मुभा दिली, पण दुकाने उघडू दिली नाहीत. थायलंडने २०२२ मध्ये नियम ठरण्याआधीच दारे उघडली आणि २०२५ मध्ये विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणावी लागली. मला जर्मनीची सावध चाल पटते.

‘कायदेशीर’ या शब्दाने तुला यांपैकी नेमके काय म्हणायचे आहे, हे पहिल्याच मिनिटात सांग. भाषणाचा मसुदा शनिवारपर्यंत पाठव. ६४अ त्यात नसेल तर मी घालून परत पाठवीन.

तुझी,
आई