संघमालकांनी खेळाला उत्तर द्यायला नको का? केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडा मंत्री,
नवी दिल्ली

विषय : व्यावसायिक लीगमधील संघमालकांची जबाबदारी नियमांत आणण्याबाबत

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक संमत केले. महासंघांच्या निवडणुका, कार्यकारिणीत खेळाडूंना व महिलांना स्थान, तंट्यांसाठी न्यायाधिकरण या तरतुदींचे, अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यात मुलांना कबड्डी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त क्रीडाशिक्षकाला समाधान वाटते. मात्र या कायद्याचा सारा रोख महासंघांवर आहे. ज्यांच्या निर्णयांवर आज खेळाचा पैसा आणि खेळाडूंचे भवितव्य ठरते, त्या संघमालकांना जाब कोणी विचारायचा, हे मोकळेच राहिले आहे.

मालकांविषयी माझ्या मनात आकस नाही. प्रो कबड्डीच्या २०१४ मधील पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले गेले. पोलीस भरतीतील खेळाडूंच्या राखीव जागेपलीकडे ज्यांची नजर जात नव्हती, ती आमच्याकडची मुले आता लिलाव डोळ्यांत तेल घालून पाहतात. हे मालकांच्या पैशामुळे घडले, पण कोणा एका मालकाच्या पैशामुळे नव्हे. समोर तोलामोलाचा संघ असेल तरच सामन्याला अर्थ असतो, प्रक्षेपणाचे हक्क सर्व संघांचे मिळून विकले जातात, आणि चढाईपटू घडतो तो गावाने वर्गणी काढून आखलेल्या मातीच्या मैदानावर. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा या खेळावर बोली लावणारा कोणीही नव्हता.

कालव्याच्या मुखाशी शेत असलेल्याने पाणी अडवले, तर शेपटाकडचा शेतकरी कोरडा राहतो. म्हणून आम्ही पाळी ठरवतो आणि ती मोडणाऱ्याला विचारतो. लीगमध्ये असे विचारणारे कोण आहे?

आयपीएलमध्ये २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणात संघांशी संबंधित मंडळी गुंतली होती. अखेर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले. त्याआधी कोची टस्कर्स २०११ चा एकच हंगाम खेळून बाद झाला, आणि खेळाडूंचे ३५ टक्के मानधन अजून थकलेले असल्याचे त्या संघाकडून खेळलेले ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू ब्रॅड हॉज यांना तब्बल दहा वर्षांनी जाहीरपणे सांगावे लागले. परदेशी नामवंत खेळाडूची ही गत, तर आमच्या तालुक्यातून गेलेल्या पोराने दाद कुठे मागायची?

ताजे उदाहरण इंडियन सुपर लीगचे आहे. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे सर्व संबंधितांना ठाऊक होते. तरीही जुलै २०२५ मध्ये हंगाम लांबणीवर पडला, काही क्लबांनी वेतन रोखले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर गेले. यात दोष एकट्या मालकांचा नव्हता, महासंघाचाही मोठा होता. पण सर्वांच्या सामायिक नुकसानीचा भार सर्वांत आधी पगारावर जगणाऱ्यांवर टाकला गेला, याची नोंद घ्यायलाच हवी.

मालक तोट्यात असतात, त्यांच्यावर आणखी अटी नकोत, असे सांगितले जाईल. तोटा खरा असेलही. तोटा सोसणाऱ्याला बाहेर पडण्याचा हक्क आहे, पण हंगाम पुरा करून आणि देणी फेडून. अमेरिकेच्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्येही मालक धंदाच करतात. तरी तिथे राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न ३२ संघांत समान वाटले जाते. म्हणूनच जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावाचा, हजारो सामान्य भागधारकांच्या मालकीचा संघ महानगरांच्या संघांपुढे टिकून आहे. आमच्या विदर्भाच्या नावाचा प्रो कबड्डीत संघ नाही. तो कधी यायचा असेल, तर अशाच वाटणीवर येईल.

म्हणून विनंती अशी, की कोणत्याही मान्यताप्राप्त महासंघाने खासगी लीगला परवानगी देताना घालायच्या किमान अटी नियमांत लिहाव्यात. हंगामातील संपूर्ण मानधनाची बँक हमी आधीच घेतली जावी, थकबाकीची तक्रार खेळाडूला थेट न्यायाधिकरणाकडे नेता यावी, आणि मालकांच्या बैठकीत खेळाडूंच्या प्रतिनिधीला मत असावे. सामायिक उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा जिल्हा संघटनांना मिळावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. किती टक्के, ते आपण ठरवा. मात्र त्यातून तालुक्याला सरावाची एक मॅट तरी मिळाली पाहिजे, कारण आमची मुले मातीवर शिकतात आणि निवड चाचणीत मॅटवर पहिल्यांदा पाय ठेवतात.

या मागण्यांवर मंत्रालयाची भूमिका आपण लेखी जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. दर्यापूर, जि. अमरावती