‘हात लावू का?’ असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही. पत्र मात्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. पसाऱ्याने भरलेल्या घरांत मदतीला जाणाऱ्यांनी, आणि अशाच घरांत दार लावून बसलेल्यांनीही, तुम्ही काय केलंत ते वाचावं असं मला फार वाटतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा दार अर्धंच उघडलं, कारण मागे वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. तुम्ही खांद्यावरची पिशवी काढून हातात घेतलीत आणि तिरप्या होऊन आत आलात. घरभर नजर फिरवली नाहीत, ‘बापरे’ म्हणाला नाहीत, माझ्याकडे बघूनच बोलत राहिलात. बोलता बोलता कपाटाला टेकवलेल्या एका खोक्याकडे तुमचा हात गेला आणि मध्येच थांबला. "काकू, हात लावू का?" मी "नको" म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि हात मागे घेतलात.

त्या दिवशी तुम्ही आणखी बऱ्याच वस्तूंबद्दल विचारलंत आणि मी दरवेळी नकोच म्हणत गेले. मला वाटत होतं, आता या कंटाळतील, आता उसासा टाकतील, आता घड्याळ बघतील. मी वाटच बघत होते म्हणा ना. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. एकाही वस्तूला हात न लावता निघालात आणि जाताना विचारलंत, "पुन्हा आले तर चालेल?" उत्तर द्यायला मला वेळ लागला तो विचार करण्यात नव्हे. घसा दाटून आला होता. माझ्याच घरात मला कुणी असं विचारल्याला फार वर्षं झाली होती.

त्याआधी काय काय झालं ते मी तुम्हाला तुकड्यातुकड्यांत सांगितलंय, सलग कधीच नाही. आज सांगते. मी आजारी पडून दवाखान्यात होते तेव्हा नात्यातल्या मंडळींनी माझी एक खोली रिकामी केली. घरी आणल्यावर मला हाताला धरून तिथवर नेलं, दार उघडलं आणि आता ही खूश होणार अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत उभे राहिले. त्या खोलीत आईची पत्रं होती. ती रद्दीत गेली. नक्की कुठल्या गठ्ठ्यात होती, कोणत्या दिवशी गेली, हे आजही त्यांच्यातल्या कुणाला सांगता येत नाही, कारण उघडून कुणी पाहिलंच नव्हतं. "तुझ्या भल्यासाठीच केलं," हे वाक्य मी तेव्हापासून इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला धसका बसलाय. खोली वर्षाच्या आत पुन्हा भरली आणि या खेपेला मी तिला कुलूप घातलं.

मग पैसे घेऊन घर आवरून देणारे एकजण आले. हातात काळ्या पिशव्यांचं भेंडोळं आणि उंबऱ्यावरच पहिलं वाक्य, "यातला बहुतेक कचराच दिसतोय." त्यांना मी आत येऊच दिलं नाही. एका समुपदेशकांनी मोबाइलवर घराचे फोटो भराभर सरकवून पाहिले आणि म्हणाले, "एक शनिवार-रविवार मनावर घ्या, संपलं काम." मनावर घेऊन भागणार असतं तर मी त्यांच्या दारात कशाला गेले असते? त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना मला जेवढं एकटं वाटलं तेवढं भरलेल्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

या सगळ्यांचा मला राग आहे, आणि तो लपवून आभार मानले तर ते आभार खोटे होतील. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे तुमच्यापेक्षा जास्त वेळ होता, ओळख जुनी होती, काहींकडे तर पदवीही होती. विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांना भेटा, असं तुम्हीच सुचवलंत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की याला, म्हणजे वस्तू टाकवतच नाहीत आणि घरभर साठत जातात या दुखण्याला, होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो स्वतंत्र आजार म्हणून २०१३ साली आला, तोवर तो ओसीडीच्या, म्हणजे तेच ते विचार आणि त्याच त्या कृती पाठ सोडत नाहीत त्या आजाराच्याच, खात्यात मोजला जायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही त्याला स्वतःची जागा आहे. म्हणजे ज्या वर्षांत मला आळशी, कंजूष, अस्वच्छ म्हटलं गेलं त्यातल्या बऱ्याच वर्षांत या दुखण्याला धड स्वतंत्र नावही नव्हतं.

डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड टोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास समजावून सांगितला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. माणसांना काही कागद दाखवायचे, काही त्यांचे स्वतःचे, काही परक्याचे, आणि ठेवायचा की नष्ट करायचा ते ठरवायला सांगायचं. ते ठरवत असताना मेंदूत काय चाललंय ते यंत्रावर बघायचं. माझ्यासारख्यांच्या मेंदूतले काही ठरावीक भाग परक्याच्या कागदाच्या वेळी इतरांपेक्षाही थंड होते आणि स्वतःचा कागद आला की तेच भाग प्रमाणाबाहेर खवळले. ताई, हे ऐकून मी डॉक्टरांसमोरच रडले. नोकरीत असताना इतरांची टेबलं, कपाटं मी हा हा म्हणता आवरून द्यायचे. "तिकडे जमतं, मग घरी काय होतं तुला?" या प्रश्नाला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. आता आहे.

आणि तुमच्या त्या प्रश्नाचं मोलही तेव्हा मला कळलं. निर्णय घेणं हेच माझं दुखणं. माझ्या वतीने कुणी निर्णय घेऊन टाकला की खोली रिकामी होते, मी मात्र होते तिथेच राहते, उलट आणखी घट्ट धरून बसते. तुम्ही दरवेळी निर्णय माझ्या ओंजळीत ठेवलात आणि तो पेलेपर्यंत थांबलात. मी "नको" म्हटलेलं तुम्ही जितक्यांदा मानलंत, तितकं "हो" म्हणणं मला सोपं होत गेलं.

पहिलं "हो" त्याच खोक्याला मिळालं. त्यात बाबांचे रेडिओचे व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत बसवायच्या काचेच्या नळ्या. ईसीएच ८१, ईएल ८४, प्रत्येक आपापल्या पुठ्ठ्याच्या डबीत, आणि तपासून चालू निघालेल्या प्रत्येक डबीवर बाबांनी पेन्सिलीने केलेली बारीकशी बरोबरची खूण. तुम्ही एक डबी उजेडात धरलीत, खूण बघितलीत आणि म्हणालात, "हे कुणी तपासलंय?" किंमत काय, गिऱ्हाईक मिळेल का, हे तुम्ही विचारलंच नाहीत. मी बाबांबद्दल बोलत राहिले आणि तुम्ही लिहून घेत राहिलात. नंतर विक्रीच्या जाहिरातीत माझेच शब्द होते: ‘एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने स्वतः तपासून, खूण करून ठेवलेले.’ जुने रेडिओ पुन्हा चालू करायचा नाद असलेले एक गृहस्थ ते घ्यायला आले. डब्या टाकून देणार नाही, खुणा पुसणार नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला आणि त्यांनी फोन रेडिओजवळ धरला. आधी नुसती खरखर, मग बातम्या. बाबांचे व्हॉल्व्ह माझ्या कपाटात बसून वर्षानुवर्षं मुके होते, ते बोलायला लागले.

विकण्यातून मला जे मिळालं ते हे. पैसे थोडे मिळाले, आणि थोडेच मिळतील हे तुम्ही सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतंत. तेही किती बरं झालं! कुणी मोठ्या रकमेची आशा लावली असती तर मी प्रत्येक वस्तूला धरून भाव वाढायची वाट बघत बसले असते. टाइपरायटरच्या वेळी तसं होऊ घातलंच होतं. मी सांगितलेल्या किमतीला कुणी फिरकेना. तुम्ही वाद घातला नाहीत. तसल्या यंत्रांसाठी लोक किती मागतात ते न दाखवता, ती खरोखर कितीला विकली गेली ते दाखवलंत आणि गप्प राहिलात. त्यानंतर कॉफीच्या मगांचा एक प्रयोग सांगितलात. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली मांडलेला. काहींना एक साधा मग देऊन टाकायचा आणि विचारायचं, कितीला विकाल? ज्यांना दिलेला नाही त्यांना विचारायचं, कितीला घ्याल? तो मग हाती पडून जेमतेम थोडा वेळ झालेला, तरी विकणारे घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास किंमत मागत होते. "काकू, तो मग होता. हा तर तुमच्या घरात आयुष्यभर आहे," एवढंच म्हणालात. किंमत मी स्वतः खाली आणली. टाइपरायटर आता एका शाळकरी मुलाकडे आहे. त्याला त्याचा आवाज आवडतो.

‘विकायचंय’ म्हणून बाजूला काढलेल्या वस्तूंचाच नवा ढीग होतो, हेही तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून एकच फळी, त्यावर मावेल तेवढंच, आणि प्रत्येक वस्तूवर तारखेची चिठ्ठी. तारीख उलटली की वस्तू कुणाला तरी फुकट द्यायची. चिठ्ठीवरची तारीख माझ्या अक्षरात असायची. तुमच्याकडे पेन असतानाही तुम्ही माझंच शोधायला लावायचात, ते का, हे मला उशिरा कळलं. मासिकं, टवके उडालेल्या बरण्या, कशाच्या आहेत हे कुणालाच न सांगता येणाऱ्या वायरी, यांना गिऱ्हाईक नव्हतंच. त्या रद्दीत आणि भंगारात गेल्या. पण त्याही मी पाठवल्या.

मागच्या आठवड्यात शिवणयंत्र गेलं. न्यायला आलेली मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, "नक्की देताय ना?" आणि मी "हो" म्हणत होते. ती गेल्यावर मी यंत्राखालची फरशी पुसली. फरशीचा रंग मी विसरून गेले होते.

तुमच्याबद्दल विचार करते तेव्हा वाटतं, भलेपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या गोष्टी येतात. कुणीतरी काहीतरी सोडलं, दिलं, धावून आलं. तेही थोर आहेच. पण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या दुखण्यासमोर हात आवरून उभं राहायला जो धीर लागतो त्याची कुणी कधी आरती ओवाळत नाही. आजारी माणसाला कुशीवर वळवण्याआधी "वळवू का?" म्हणणारी नर्स असते, म्हाताऱ्याचा दंड धरण्याआधी आपला हात पुढे करून थांबणारा रस्त्यावरचा अनोळखी मुलगा असतो. अशी माणसं मी आता ओळखायला लागले आहे. पूर्वी ती दिसतच नव्हती, मला वाटायचं जग सगळं त्या काळ्या पिशव्यावाल्यांचंच आहे.

पसारा किती झालाय ते ताडून बघायला तुम्ही दाखवलेले ते नमुन्याचे फोटो मी जपून ठेवलेत. झोपायची खोली, स्वयंपाकघर, बैठकीची खोली, प्रत्येकाचे नऊ-नऊ, पहिला मोकळा, नववा गच्च भरलेला, आणि चौथ्यापर्यंत किंवा त्याच्या पुढे गेलं तर मदत घ्यावी. झोपायची खोली तुम्ही आलात तेव्हा सातव्यासारखी होती, आता तिसऱ्यासारखी आहे. स्वयंपाकघर अजून पाचव्यावर अडलंय. नवीन वस्तू घरात आणायचा मोह अजून होतो, विशेषतः कुठे काही फुकट मिळत असलं की पाय थबकतात. डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. कुलूप लावलेल्या खोलीची किल्ली मी तुम्हाला द्यायला निघाले होते आणि तुम्ही ती घेतली नाहीत, "तुमच्याकडेच राहू दे" म्हणालात, हेही या पत्रात यायला हवं.

त्या खोलीत आता जाता येतं. खिडकीपर्यंत वाट झाली आहे. खिडकीखाली फोटोंचं खोकं आहे आणि त्याच्या तळाशी आईच्या अक्षरातला एक लिफाफा मला दिसला. म्हणजे सगळी पत्रं गेली नसावीत. खोकं मीच उघडणार आहे, पण तेव्हा तुम्ही शेजारी असाल तर मला हवं आहे. तुम्हाला कधी सवड आहे ते कळवा.

तुमची,
काकू