चव कळली, पण तिथे बोलता येते का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या रेस्टॉरंटची ओळख करून देणारी सदरे आता वृत्तपत्रांत नेमाने येतात. पदार्थांचे वर्णन भरपूर असते, फोटो देखणे असतात, चवीबद्दल ठाम मत असते. ती वाचणाऱ्यांत अशी जोडपी आहेत, जी आठवड्यातली किंवा पंधरवड्यातली एक संध्याकाळ दोघांसाठी राखून ठेवतात आणि दर वेळी आसपासचे एखादे न पाहिलेले ठिकाण धरतात. अशा दोघांना जे हवे असते तेच नेमके परीक्षणात सापडत नाही. तिथे दीड तास बसून नेहमीच्या आवाजात बोलता येईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. जेवण बेताचे असले तरी अशी संध्याकाळ चांगली जाते. समोरच्याशी ओरडून बोलावे लागले, तर मात्र उत्तम जेवणही ती सावरू शकत नाही.

साधे बोलणे एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरते. खोलीतला गोंगाट ७० च्या पुढे गेला की आवाज चढवावा लागतो. ८० च्या आसपास वाक्ये तुटक होतात आणि दोघेही नकळत सोपे विषय निवडू लागतात: मेन्यू, उद्याची कामे, घरी परतायची वेळ. ज्या बोलण्यासाठी आले ते राहूनच जाते. भोवती आवाज असला की माणूस आपोआप स्वतःचा आवाज वाढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये दाखवून दिले होते. रेस्टॉरंटात प्रत्येक टेबल हेच करते. शेजारच्यांचा आवाज वाढला म्हणून आपण वाढवतो, आपला वाढला म्हणून ते आणखी वाढवतात. त्यामुळे अर्ध्या भरलेल्या खोलीवरून पूर्ण भरलेल्या खोलीचा अंदाज बांधता येत नाही.

हे बरेचसे आधीच ओळखता येते. ऑनलाइन फोटोंत ताटाकडे न पाहता छताकडे आणि जमिनीकडे पाहावे. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, उघडे काँक्रीट आणि नुसती लाकडी बाके असतील तर आवाज परतून येणारच. पडदे, गादीची आसने, टेबलावरचे कापड, छताला ध्वनिशोषक तक्ते असतील तर खोली भरूनही सुसह्य राहते. पोहोचल्यावर मोजायचे असेल तर फोनवर ध्वनिमापक अ‍ॅप चालते, पण फोनाफोनात काही डेसिबलचा फरक पडतो. म्हणून आधी घरी दोघांच्या साध्या गप्पा मोजून ठेवाव्यात आणि त्या आकड्याशी तुलना करावी. त्यापेक्षा १० ने जास्त दिसले, तर ती जागा त्या वेळी तुमच्यासाठी नाही.

टेबल कोणते मिळते यावरही बरेच ठरते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. समोरासमोर बसल्यावर एकाचे तोंड आणि दुसऱ्याचा कान यांत साधारण एक मीटर अंतर पडते. चौघांच्या टेबलावर एका कोपऱ्याच्या दोन बाजूंना, काटकोनात बसले तर ते ६० ते ६५ सेंटिमीटरवर येते आणि तीन-चार डेसिबल आयते मिळतात. दोघांपैकी एकाला कमी ऐकू येत असेल, तर त्याची पाठ भिंतीला असावी, म्हणजे मागून आवाज येत नाही. श्रवणयंत्रात समोरचा आवाज टिपणारा दिशादर्शी मायक्रोफोन असेल तर मात्र उलट करावे: गर्दीकडे पाठ आणि जोडीदाराकडे तोंड.

बुकिंग करताना ‘शांत टेबल द्या’ म्हणून उपयोग होत नाही, कारण फोन घेणाऱ्याला सगळीच टेबले शांत वाटतात. ‘भिंतीलगतचे, स्पीकरपासून लांब, भटारखान्याच्या दाराशी किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर नको’ असे नेमके सांगितले की बहुधा तसे मिळते. गाणी मोठ्याने चालू असतील तर बसल्याबसल्याच सांगावे. खोली भरल्यावर गाणी कमी केली तरी लोकांचे चढलेले आवाज लगेच खाली येत नाहीत.

आता वेळेविषयी. जेवणाच्या ऐन गर्दीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, तरी तो फारसा कोणी पाळत नाही. भटारखान्याची क्षमता ठरलेली असते आणि ती संपत आली की उशीर हळूहळू वाढत नाही, एकदम उसळतो. रांगांच्या गणितातल्या सर्वांत साध्या नमुन्यात क्षमता ८० टक्के वापरात असताना सरासरी प्रतीक्षा एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या ४ पट असते. तेच ९० टक्क्यांवर ९ पट होते. खरा भटारखाना इतका सरळ नसतो, पण वळण तेच असते. आपल्या नंतर वीस मिनिटांनी बसलेल्या टेबलाला दुप्पट थांबावे लागते ते यामुळे. आठवड्याचा मधला वार सुट्टीच्या वारापेक्षा केव्हाही बरा. बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या पाऊण तासात मात्र जाऊ नये. तेव्हा आवराआवर सुरू झालेली असते आणि मेन्यूतले अर्धे संपलेले असते.

‘नवीन’ या शब्दाने फसगत होते, तीही सांगायला हवी. ज्या आठवड्यात उद्घाटन त्याच आठवड्यात गेले तर दिसते ती त्या ठिकाणाची कच्ची तालीम. कोणाचे टेबल कोणी सांभाळायचे, किती माल मागवायचा, कोणता पदार्थ एकाच शेगडीवर अडकतो, हे सगळे काही आठवड्यांत बसते. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ फूड जर्नलिस्ट्स या संघटनेने समीक्षकांसाठी जे संकेत लिहून ठेवले होते, त्यांत रेस्टॉरंट सुरू झाल्यावर किमान एक महिना थांबावे, एकापेक्षा जास्त वेळा जावे, ओळख सांगू नये आणि बिल वृत्तपत्राने भरावे असे होते. जोडप्यांनीही महिना-दीड महिना थांबावे. त्यांना बहुधा एकाच भेटीवरून मत बनवायचे असते, म्हणून तर जास्तच.

ऑनलाइन गुणांचे वाचनही जरा शिकून घ्यावे लागते. १२ जणांनी दिलेले ४.८ आणि ६०० जणांनी दिलेले ४.३ यांत पहिले मोठे दिसते, पण ते बारा जण कोण हे कळत नाही. एक सोपी युक्ती: प्रत्येक ठिकाणाला ३.५ गुणांची २० काल्पनिक मते जोडायची. मग पहिल्याचे सुमारे ४.० होतात आणि दुसऱ्याचे ४.२७. म्हणजे क्रम उलटतो. शिवाय मते तारखेप्रमाणे लावून शेवटच्या तीन महिन्यांचीच वाचावीत. स्वयंपाकी बदलला की जुने कौतुक निकामी होते. पाच तारे आणि एक तारा देणारे भावनेच्या भरात लिहितात. तीन तारे देणाऱ्यांत ‘टेबले फार जवळ आहेत’, ‘दुसरा पदार्थ यायला चाळीस मिनिटे लागली’ अशी कामाची माहिती सापडते.

ठिकाण त्याच संध्याकाळी, भुकेल्या पोटी ठरवू नये. अशा वेळी अर्धा तास फोनवर जातो, शेवटी कंटाळून नेहमीचेच निवडले जाते आणि दोष एकमेकांवर जातो. पाच-सहा नावांची यादी आधी तयार असावी, निवड पाळीपाळीने करावी, दुसऱ्याला एक नकार द्यायची मुभा असावी आणि चालत जाता येईल असे एक पर्यायी ठिकाण हाताशी असावे. खर्चाची मर्यादाही निघण्यापूर्वीच ठरलेली बरी. मेन्यू हातात आल्यावर तो विषय निघाला की अवघडलेपण येते.

ऑर्डर दोन टप्प्यांत द्यावी. सगळे एकदम सांगितले की ते एकाच चिठ्ठीवर आत जाते, जे आधी तयार होते ते आधी बाहेर येते, आणि ६० सेंटिमीटरच्या टेबलावर ताटे मावत नाहीत. पहिली ताटे गार होतात आणि संध्याकाळ पाऊण तासात आटोपते. आधी एक-दोन पदार्थ वाटून घ्यावेत, ते संपत आल्यावर पुढचे सांगावे. एकच पदार्थ खात राहिले की त्याची गोडी घासागणिक उतरते आणि वेगळी चव आली की भूक पुन्हा जागी होते, हे आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. म्हणून प्रत्येकी एक मोठे ताट घेण्यापेक्षा दोघांत तीन-चार लहान पदार्थ घेतलेले बरे. अ‍ॅलर्जी किंवा पथ्य असेल तर ते मात्र पहिल्याच वेळी, ऑर्डर देण्याआधी सांगावे.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारेल. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५३ विवाहित जोडप्यांना तीन गटांत विभागले होते. एका गटाने १० आठवडे, दर आठवड्याला दीड तास, दोघांना उत्साह वाटेल असे काही केले. दुसऱ्याने नुसते सुखद, तिसऱ्याने जादा काहीच नाही. नात्यातले समाधान पहिल्या गटात दुसऱ्यापेक्षा जास्त वाढलेले दिसले. या अभ्यासकांपैकी आर्थर अ‍ॅरन यांनी पुढे २००० मध्ये प्रयोगशाळेत सात मिनिटांच्या अनोख्या कामानेही जोडप्यांच्या एकमेकांविषयीच्या भावनेत फरक पडलेला नोंदवला. यातून आम्ही घेतो ते इतकेच, की नुसता नवा पत्ता पुरेसा नाही, त्यात दोघांनी मिळून काही करायला हवे. ओळखीचा नसलेला एक पदार्थ मागवायचा आणि त्यात काय काय आहे ते ओळखायचे, एवढेही चालते. फोन मात्र पिशवीत हवा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३०० हून अधिक लोक कॅफेत मित्रांसोबत किंवा घरच्यांसोबत जेवले, तेव्हा ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांना जेवणाची मजा कमी आली.

घरी परतताना नोंद ठेवावी, पण आधी एकमेकांना न सांगता दोघांनी वेगवेगळी लिहावी. पहिला बोलला की दुसऱ्याचे मत त्याच्याकडे झुकते. टेबल कोणते, आवाज किती, ऑर्डरपासून पहिले ताट यायला किती मिनिटे लागली, आणि पुन्हा जायचे का, इतके पुरे. दर तीन नव्या ठिकाणांनंतर चौथ्या वेळी यादीतल्या सर्वांत चांगल्या ठिकाणी परत जावे. नाहीतर वर्षभर नुसता शोधच चालतो आणि सापडलेल्याचा आनंद घ्यायचा राहतो.

या नोंदीत जे असते तेच, महोदय, परीक्षणाखाली चौकटीत छापता येण्यासारखे आहे. फ्रान्समधली मिशेलिन मार्गदर्शिका १९०० पासून निघते, १९२६ पासून रेस्टॉरंटांना तारे देते. तिच्या निरीक्षकांना ताऱ्यासाठी फक्त ताटातले पाहावे लागते. बैठक आणि सोय यांच्यासाठी तिने वर्षानुवर्षे काटा-चमच्याचे वेगळे चिन्ह वापरले. ताट आणि खोली या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिथे केव्हाच मान्य झाले होते.

आपल्या सदरात दर परीक्षणाखाली पाच ओळी द्याव्यात: भेटीची तारीख आणि वार, किती भेटी दिल्या, खोली भरलेली असताना टेबलावर मोजलेले डेसिबल, ऑर्डरपासून पहिल्या ताटापर्यंतची मिनिटे, आणि बिल कोणी भरले. दोघांसाठी कोणते टेबल मागावे हे समीक्षकाच्या लक्षात आले असेल तर सहावी ओळ त्याची. पदार्थांच्या वर्णनातले एक विशेषण कमी केले की तेवढी जागा निघेल.

आपले,
दोन नियमित वाचक