ठोके ऐकलेच नाहीत, मग तक्त्यावर आले कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परिचारिकांवरील कागदी कामाच्या ओझ्याबद्दल कालच्या अंकात आलेला लेख वाचला. ओझे आहेच. पण लेखकाने पार्टोग्राफही (कळा सुरू असताना गर्भपिशवीचे तोंड किती उघडले, बाळाचे ठोके किती, हे वेळेनुसार नोंदवायचा तक्ता) हजेरीपट आणि स्टॉक रजिस्टरच्या पंगतीत बसवला, हे मला अजिबात पटले नाही. ३१ वर्षे मी सरकारी दवाखान्यात बाळंतपणे केली आहेत.

१९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, या तक्त्यावर दोन रेघा आखल्या. पहिली इशाऱ्याची, दुसरी तिच्यापुढे चार तासांवर, तातडीने उपाय करण्याची. बाई पहिली रेघ ओलांडून गेली की तिला मोठ्या दवाखान्यात हलवायचे. डॉक्टर जवळ नसलेल्या सुईणीला वेळेत निर्णय घेता यावा, यासाठी हा तक्ता आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची एका तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. रात्री ११ ते ३ लेबर रूमच्या दारासमोर मी बसून होते. ड्युटीवर एकच सिस्टर, आणि तिकडे वॉर्डात एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झालेला. चार तास भाचीकडे कोणी फिरकले नाही. मी दोनदा आत जायला उठले, दोन्ही वेळा मावशींनी अडवले. पहाटे बाळ झाले ते रडलेच नाही. पोटातच पाण्यात शी केली होती. सहा दिवस काचेच्या पेटीत होते.

डिस्चार्जच्या दिवशी केसपेपर पाहिला. त्या चार तासांत दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके लिहिलेले: १४०, १४२, १४०, १४०. सगळे एकाच पेनाने, एका बैठकीत. पिशवीच्या तोंडाच्या फुल्याही रेघेला धरून अगदी सरळ. माझे हातपाय गार पडले.

त्या पोरीला मी दोष देत नाही. रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्या, ही माझी मागणी आहे. तक्ता काढून टाकला तर ते चार तास कुणाला दिसणारही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली तक्ता बदलला. पिशवीचे तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे हा जुना हिशेब सोडला, पण ठोके दर अर्ध्या तासाला ऐकायचे हे कायम ठेवले.

त्या नव्या तक्त्यात बाईसोबत कोणी आहे का, याचाही रकाना आहे. केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ या लेबर रूम सुधारण्याच्या कार्यक्रमातही कळा देणाऱ्या बाईजवळ तिचे माणूस असू द्या असे सांगितले आहे. भाचीची आई मात्र रात्रभर जिन्यात बसून होती. आम्हा दोघींपैकी एकीला जरी आत राहू दिले असते, तरी सिस्टरला वॉर्डातून हाक मारून आणता आली असती.

– एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा